पान्याला वढ हाय

मे महिन्यात माझी मुलगी वारज्याहून घरी आली की तिच्या केसांना पोहण्याच्या टँकच्या औषधाचा वास यायचा. डोळ्यांभोवती गॉगलचे गोल वण, बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि तोंडात एकच शब्द, आत्या. आत्या उलटी पोहते. आत्या पाण्याखाली डोळे उघडे ठेवते. आत्या दम न घेता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मी शिकेकाईने तिचं डोकं दोनदा धुवायची, तरी वास जायचा नाही. आपल्या लेकराच्या अंगाला दुसऱ्या घराचा वास आला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

आत्या म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते. ती मला वहिनी म्हणते आणि आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो. अहो-जाहोत मान असतो तसं अंतरही असतं. आमच्यात दोन्ही होतं, अंतर जरा जास्त. तिने लग्न केलं नाही. लोकांच्या घरांची डिझाइनं करते, स्वतःची गाडी चालवते. वारज्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आणि खाली सोसायटीचा टँक. माझे सासरे बँकेत साहेब होते. त्यांनी लेकीला शाळेत घालायच्या सुमारालाच टँकवर घातली होती. माझ्या सासरची शिकलेली ही दुसरी पिढी. माझ्या माहेरची पहिली, आणि पहिली म्हणजे मीच.

माझ्या माहेरी, लोणीला, आमच्या वस्तीच्या मागून कालवा जातो. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की वस्तीतली सगळी पोरं त्यात. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे पोहणं हा आमच्या घरातला तसा नवाच विषय, आणि तोही पोरांपुरता. बाप लोक पोरांच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकलायचे. पोरींच्या पाठीला कुणी डबा बांधला नाही. आम्ही काठावर धुणी धुवायचो आणि भावांचे कपडे राखायचो. माझा भाऊ कालव्यात उलट्या उड्या मारायचा आणि मी त्याची चड्डी मांडीवर घेऊन बसायची. हेव्याचा पहिला धडा मी तिथेच गिरवला, म्हणायला हरकत नाही.

पण काठावर बसून एक गोष्ट शिकले. पाणी बघायला शिकले. कालव्यात जिथे पाणी फेसाळतं, खळखळतं, तिथे बाया काही बोलायच्या नाहीत. वरून गुळगुळीत, तेल ओतल्यासारखं दिसायचं, तिथे पोरगं वळलं की धुणं टाकून ओरडायच्या, "आरं, तिकडं नगं! पान्याला वढ हाय!" वढ म्हणजे ओढ. खालून पाय ओढणारं पाणी.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही सगळे खडकवासल्याला भुट्टे खायला गेलो होतो. कडेच्या पाण्याकडे बघून मी सहज म्हणाले, "इथं वढ असंल." नणंद हसली. वाईट हसली नाही, कौतुकानेच हसली. म्हणाली, "वढ! किती गोड! वहिनी, पुन्हा म्हणा ना." मी पुन्हा म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी घरात ओढ म्हणते. घरात सगळंच शुद्ध बोलते. माझी मुलगी तर वारज्या-हडपसरचं इंग्रजी मिसळलेलं मराठी बोलते, तिला वढ हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

शुद्ध मराठीत ओढ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. माझ्या मुलीला आत्याची ओढ होती.

मी भूगोल घेऊन बी.ए. केलं. घरातली पहिली पदवी. वडिलांनी ते प्रमाणपत्र हडपसरच्या बाजारातून कौतुकाने लॅमिनेट करून आणलं. पुढे नोकरीला लागताना कागद तपासणारे साहेब म्हणाले, "अहो, हे लॅमिनेट कशाला केलंत? चालत नाही." मी म्हणाले, "वडिलांनी केलंय. तुम्हाला चालत नसेल तर तसं लेखी द्या." त्यांनी मुकाट्याने घेतलं. सांगायचं कारण एवढंच की माझ्या भूगोलाला कुणी हसलेलं मला खपत नाही. आणि सासरी तो हसण्याचा विषय होता. नणंद म्हणायची, "वहिनींना विचारा, बर्फ कुठे पडतो ते." नवरा म्हणायचा, "हिला रस्ता विचारू नका, ही अक्षांश-रेखांश सांगेल."

मुलगी दहा-अकराची झाली तशी तिला टँक पुरेना. "आत्या मला समुद्रात नेणार आहे. लाटांच्या मागे. तिथे पाणी शांत असतं, फ्लोट करता येतं."

"कधी?"

"मे एंडला. आत्या म्हणते तेव्हा पाणी बेस्ट असतं. एकदम वॉर्म."

हे खरं होतं, आणि तेच मला टोचलं. मी तोपर्यंत समुद्रात घोट्यापुढे गेले नव्हते, पण त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत होते. नणंद ज्यात पोहायची ते मी वाचायचे. फोनवर रोज समुद्राचा अंदाज बघायचे, लाटा किती, वारा कुठून. ऑफिसात डबा खाताना शेजारच्या मॅडम म्हणायच्या, "काय हो, होडी घेतलीत का?"

आपल्या किनाऱ्याचं पाणी थंडीतही फार गार होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात थंड, म्हणजे तरी टँकच्या सकाळच्या पाण्यापेक्षा ऊबच जास्त. मार्चपासून चढत जातं आणि मेमध्ये तीस अंशांना टेकतं. पावसाळ्यात वारा आणि ढग त्याला खाली आणतात, ऑक्टोबरात पुन्हा जरा चढतं. म्हणजे आपल्याकडे समुद्रात माणूस गारठून मरत नाही. मरतो तो ओढीने. आणि पाणी सगळ्यात उबदार होतं त्याच सुमाराला पावसाच्या आधीचा वारा सुटतो, दूर दक्षिणेकडून लांबच लांब लाटा यायला लागतात. किनाऱ्यावर फुटलेलं ते सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. डिसेंबरात तोच समुद्र अंगाला गार लागतो आणि बहुतेक दिवस निवांत असतो.

पण पुण्याच्या माणसाला पाण्याबद्दल एकच प्रश्न माहीत. "पाणी कसंय?" त्याची उत्तरंही दोनच, "गार" नाहीतर "मस्त". टँकवर तेवढं पुरतं, कारण टँकला ओढ नसते. पुणेकर किनाऱ्यावर उतरला की वाकून हात बुडवतो, कोमट लागलं की खूश होतो आणि आत जातो. कोमट म्हणजे चांगलं, हे त्याच्या डोक्यात बंबाच्या पाण्यापासून पक्कं बसलेलं.

जेवताना मी म्हणाले, "मेअखेर नको. डिसेंबरात जाऊ."

"डिसेंबरात गार असतं!" मुलगी ओरडली.

"गार असू दे. शांत असतं."

नवरा पोळी मोडत म्हणाला, "झालं. भूगोल विरुद्ध आत्या. मी मतदान करत नाही, मला दोन्ही पक्षांबरोबर राहायचंय."

मुलगी मात्र माझ्याकडे बघून हळू बोलली, "तुला पोहता येत नाही म्हणून तू नको म्हणतेस."

मला पोहता येत नव्हतं, हे खरं. ती आत्याबरोबर आत जाणार आणि मी काठावर कपडे राखत बसणार, हे मला सहन होत नव्हतं, हेही खरं. आणि मेअखेरचा समुद्र वाईट, हेही तितकंच खरं. पण हेवा करणाऱ्या बाईने खरं सांगितलं तरी ते हेव्याचंच वाटतं. मनाशी ठरवलं, तिथे जाऊन पाणी बघू. पाणी चांगलं असेल तर जाऊ देईन, आतून जळले तरी. आणि वाईट असेल तर नाही म्हणेन, मग पोरगी माझ्याशी जन्मात बोलली नाही तरी चालेल.

मेअखेरीस आम्ही चौघं नणंदेच्या गाडीने निघालो. वाटेत महाडला तळ्याशी थांबलो. आम्ही त्या रस्त्याने गेलो की थांबतोच. तिघांनी हात जोडले. मुलगी कठड्यावरून वाकून म्हणाली, "इथे पोहतात का?" नणंदेला हसू आलं. मला आलं नाही. मी तिला म्हणाले, "इथे नुसतं ओंजळभर प्यायला किती लोकांना मार खावा लागला, ते तुला शाळेत शिकवलं ना?" ती म्हणाली, "हो, माहितीये." आणि आत्याचा हात धरून गाडीकडे गेली. पुढच्या रस्त्याला मी तिला ओढीबद्दल सांगितलं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, दमछाक होते. आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर, आणि ओढ सुटली की मग आत वळायचं. सांगून झाल्यावर बघितलं तर तिच्या कानात हेडफोन.

दापोलीच्या पुढचं एक लहान गाव. सकाळी किनाऱ्यावर आम्हीच. नवरा चटईवर थर्मास घेऊन बसला. नणंदेने टोपी चढवली, मुलीला चढवली, दोघींचे गॉगल कपाळावर. मागून बघितलं तर कुणीही मायलेकी म्हणावं. नणंदेने वाकून हात बुडवला.

"अहो वहिनी, हात तर घाला! काय मस्त कोमट आहे! बंबातलं पाणी!"

मी हात घातला नाही. मी बघत होते. डावीकडे लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, आवाज करत. उजवीकडेही तसंच. मध्ये एक पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गढूळ, वरून गुळगुळीत, आणि त्याच्यावर एक नारळाची झावळी तरंगत होती. ती बाहेर चालली होती. वारा आमच्याकडे येत होता आणि झावळी समुद्राकडे जात होती.

"तिथून जाऊ," नणंद मुलीला म्हणाली. "तिथे लाटाच नाहीत बघ."

त्या क्षणी मला भूगोल आठवला नाही, शुद्ध भाषाही आठवली नाही. मी साडी धरून घोट्याएवढ्या पाण्यात धावले आणि लोणीच्या कालव्यावरच्या बायांसारखी ओरडले, "तिकडं नगं! तिकडं नगं जाऊ! पान्याला वढ हाय!"

दोघी थांबल्या. नवरा उठून उभा राहिला. मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या वर्गात येऊन ओरडले. मी तिचा दंड धरला.

"आई, सोड! आत्या आहे ना बरोबर!"

"आत्या असो नाहीतर कुणी असो. तू बाहेर."

नणंद माझ्याकडे वळली. ती चिडली नव्हती. शांतपणे म्हणाली, "वहिनी, एक विचारू? हे पाण्याचं आहे, का आणखी कशाचं?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच सरळ विचारलं होतं. मीही सरळ सांगितलं.

"दोन्हीचं आहे, ताई. पण पोरगी बाहेर."

ती एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "ठीक आहे. आई तुम्ही आहात." आणि मुलीला म्हणाली, "तू थांब. मी एकदा जाऊन बघून येते."

"ताई, तुम्हीही नका जाऊ," मी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, पण आवाज तसा लागला की नाही, ठाऊक नाही. ती गेली. गुळगुळीत पट्ट्यात शिरली, चार हात मारले आणि तेवढ्यात इतकी लांब गेली की एवढे हात तिने मारलेच नव्हते. मुलीने माझी साडी धरली. नवऱ्याने बहिणीला नावाने हाक मारली, एकदा, दोनदा, मग तो नुसता पाण्यात उभा राहिला. तिची लाल टोपी दिसायची, लाट यायची, दिसायची नाही, पुन्हा दिसायची. मग टोपी बाजूला सरकायला लागली, उजवीकडे, किनाऱ्याला धरून. मी मोठ्याने म्हणाले, "आडवी पोहतेय. बरोबर पोहतेय."

ती पार तिकडे, मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथे बाहेर आली, आणि वाळूवरून चालत आमच्याकडे यायला तिला बराच वेळ लागला. ओठ पांढरे पडले होते. आल्यावर एवढंच म्हणाली, "खूप आहे. वहिनी बरोबर होत्या."

मुलगी धावली. टॉवेल घेऊन आत्याकडे धावली. तिचे खांदे पुसले, पाठ पुसली, वाळूत बसून तळवे चोळले. "आत्या, तू घाबरलीस? मग तू काय केलंस?" आणि नणंद धापा टाकत तिला सांगायला लागली. किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, आडवं पोहायचं, समांतर, ओढ सुटली की मग वळायचं. मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. ती वाक्यं माझी होती. महाड सोडल्यावर गाडीत मी हीच सांगितली होती, शब्दन् शब्द.

नवऱ्याने मला थर्मासच्या झाकणात चहा दिला. म्हणाला, "जिंकलीस." बरोबर ठरलेल्या माणसाला कुणी टॉवेल आणून देत नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी पुढच्या सीटवर आत्याशेजारी बसली. मी मागे. वरंध घाटापर्यंत तिच्या खांद्यावर तोच ओला टॉवेल होता.

पाऊस संपल्यावर मी टँकवर नाव घातलं, बायकांच्या सकाळच्या बॅचला. माझ्या वयाच्या, पंजाबी ड्रेसवर टँकची टोपी घालून आलेल्या बाया, आणि काठावर काठी घेतलेल्या शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, "तोंड पाण्यात घाला हो, पाणी खात नाही तुम्हाला!" थंडी पडली तसं त्या पाण्यात पाय घालवेना. दांडी धरून पाय मारता येऊ लागले. दांडी सोडून टँकच्या रुंदीत निम्म्यापर्यंत जाते, पुढे तळाला पाय टेकते. माझ्या केसांनाही आता तोच वास यायला लागला. मुलगी नाक लावून म्हणाली, "ई, आई!" पण हसली.

दिवाळीनंतर नणंदेचा फोन आला. "वहिनी, समुद्रावर कधी जायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेव्हा." तिने हे इतक्या मोकळेपणी म्हटलं की मला त्या मोकळेपणाचाही हेवा वाटला. माझ्याने ते झालं नसतं.

डिसेंबरात गेलो. तेच गाव, तोच किनारा. आदल्या दिवशीपासून मी अंदाज बघत होते. सकाळी गावातल्या होडीवाल्यालाही विचारून घेतलं, तोही हो म्हणाला. पाणी निवळ होतं, लाटा लहान, इकडून तिकडे एकसारख्या फुटत होत्या, मध्ये कुठे गुळगुळीत पट्टा नव्हता. नणंदेने सवयीने वाकून हात बुडवला.

"कसंय?" नवऱ्याने चटईवरून विचारलं.

"गार!" ती ओरडली. "अहो, गारच आहे की!"

मुलगी टोपी घालून पाण्याच्या कडेला जाऊन थांबली. आत्याने हात पुढे केला होता. तिने तो धरला नाही. आधी मागे वळली आणि मला शोधलं. मी साडी नव्हते नेसले, टँकचाच ड्रेस घालून मागे येत होते.

"आई," ती म्हणाली, "वढ हाय का?"

लोणीचा तो शब्द तिच्या तोंडात अगदी नीट बसला होता. गंमत करत होती, पण नुसती गंमत नव्हती, कारण उत्तर येईपर्यंत ती हलली नाही. मी चटकन नणंदेकडे पाहिलं. ती टोपीत केस कोंबत होती. हसली असेल तर मला दिसलं नाही.

मी पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे पाणी बघितलं, सावकाश, कालव्याच्या काठावर बघायची तसं.

"न्हाय," मी म्हणाले. "जा."

तेव्हा तिने आत्याचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मी कमरेपर्यंत गेले आणि थांबले. माझं तेवढंच शिकून झालं होतं. त्या लाटांच्या मागे पाठीवर तरंगत होत्या, लाल टोपी आणि निळी टोपी शेजारी शेजारी, आणि आत्याने काहीतरी म्हटलं त्यावर मुलगी खदखदून हसली. काय म्हटलं ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. ते ऐकावं म्हणून मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पाणी छातीला लागलं, गार.

माझं आतून जळायचं थांबलेलं नाही. पण विचारलं मला होतं.